टॉवर राहिला, पेढी बुडाली

पनवेलहून सकाळची लोकल धरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणारा नोकरदार सहसा मान वर करून चालत नाही. मस्टर गाठायचे असते, आणि हल्ली मान खाली असण्याला आणखी एक कारण झाले आहे. सव्वानऊला बाजार उघडतो, आणि मानखुर्द-चेंबूरच्या आसपास डब्यातले निम्मे मोबाइल हिरव्या-लाल आकड्यांनी उजळतात. कोणी पगारातून शेअर घेतलेले असतात, कोणी दलालाकडून मिळालेल्या उसन्या पैशातून. पर्सनल लोन काढून शेअर घेणारेही आता विरळा राहिलेले नाहीत. यांच्यापैकी एखादा फोर्टातून चालत ओव्हल मैदानाकडे गेला आणि त्याने मान वर केली, तर त्याला राजाबाई टॉवर दिसेल. २८० फूट उंचीचा हा मनोरा ज्याच्या पैशाने उभा राहिला, तो गृहस्थ उसन्या पैशावर शेअरबाजार चालवणाऱ्यांचा या देशातला मूळपुरुष होता, हे मात्र मनोऱ्याकडे पाहून कळत नाही.

प्रेमचंद रायचंद हे त्यांचे नाव. जन्म १८३१, मृत्यू १९०६. पंचाहत्तर वर्षांच्या या आयुष्यातली जेमतेम चार वर्षे इतिहासाने लक्षात ठेवली. त्या चार वर्षांत त्यांनी मुंबई आपल्या बोटावर नाचवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पाचव्या वर्षी मुंबई बुडाली आणि तिच्याबरोबर तेही बुडाले.

सुरतेचा मुलगा

प्रेमचंद सुरतेच्या दशा ओसवाल जैन कुटुंबातले. सुरतेचे दिवस तेव्हा फिरले होते. व्यापार मुंबईकडे सरकला, तशी माणसेही सरकली. प्रेमचंदांचे वडील रायचंद दीपचंद मुलाला घेऊन मुंबईस आले. मुलगा एल्फिन्स्टनच्या शाळेत शिकला आणि तेथे त्याने इंग्रजी चांगले आत्मसात केले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु त्या काळच्या दलालांत इंग्रजी लिहिता-बोलता येणारा माणूस जवळजवळ नव्हताच. साहेबांच्या बँकेत जाऊन साहेबांच्या भाषेत बोलणारा आणि बाहेर येऊन गुजराती पेढीवर तोच व्यवहार तिच्या भाषेत समजावून सांगणारा तरुण म्हणजे दोन बाजारांमधला पूलच होता.

१८४९ च्या सुमारास प्रेमचंद एका जाणत्या दलालाच्या हाताखाली उमेदवारीला लागले. मुंबईत शेअरचा धंदा तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या दलालांचा होता, आणि व्यवहार चालत ते मुख्यतः बँकांच्या शेअरमध्ये. प्रेमचंदांची स्मरणशक्ती विलक्षण होती. दिवसभरातले सौदे ते कागद-पेन्सिलीवाचून डोक्यात ठेवत, अशी ख्याती होती. गुरू वारल्यावर त्यांची पेढी या शिष्याने सांभाळली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत शेअर, कापूस आणि सोने-चांदी या तिन्ही बाजारांत आपले नाव केले. येथपर्यंतची कहाणी कोणत्याही कर्तबगार व्यापाऱ्याची असते, तशीच आहे. पुढची कहाणी अमेरिकेने घडवली.

कापसाचे सोने

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण या दोन भागांत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. गिरण्यांना कापूस हवाच होता, आणि तो पुरवू शकणारे मोठे बंदर म्हणजे मुंबई. एरवी आखूड धाग्याचा म्हणून ज्या कापसाला साहेब नाके मुरडत, त्याच कापसाचे भाव तिपटी-चौपटीने चढले. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस विकायला काढला, ही गोष्ट त्या काळाच्या प्रत्येक वर्णनात येते. युद्धाच्या वर्षांत मुंबईला कापसाच्या नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड अधिक मिळाले, असा हिशेब नंतर मांडला गेला.

पनवेलकरांना यात एक आपलीही आठवण सापडेल. बोरघाटातून उतरणारा देशावरचा माल पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांनी पनवेल बंदरावर येई आणि तेथून होड्यांनी मुंबईला जाई. गाडीची चाके बनवणे हा पनवेलचा नावाजलेला धंदा झाला, तो या वाहतुकीमुळेच. १८५२ मध्ये या गावाला नगरपालिका मिळाली, तीही या व्यापाराच्या जोरावर. पण १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि देशावरचा माल पनवेलला वळसा घालून थेट मुंबईला पोचू लागला. मुंबई सोन्याने न्हात होती, त्याच वर्षांत पनवेल बंदराची कळा उतरू लागली. एकाच व्यापारावर उभे राहिलेल्या गावाचे काय होते, याचा हा धडा मुंबईच्या डोळ्यांसमोर, खाडीच्या पलीकडेच गिरवला जात होता. तिकडे बघायला त्या वेळी कुणाला सवड नव्हती.

आलेला पैसा ठेवायचा कोठे? गिरण्या तेव्हा थोड्या होत्या, जमीन मर्यादित होती. १८५७ च्या कंपनी कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित करण्याची सोय झाली होती, आणि १८६० मध्ये ती सवलत बँकांनाही मिळाली. मग कंपन्यांचे पीकच आले. १८६४ साल संपताना मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. यांतल्या कित्येकांचे कामकाज म्हणजे एक पाटी, एक कारकून आणि एकमेकांना दिलेली कर्जे एवढेच होते.

चिठ्ठीचे राज्य

या सगळ्या कारभाराच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद होते. वय तिशीच्या किंचित पुढे. नवी कंपनी काढायची तर तिचे शेअर कोणाला किती द्यायचे, हे त्यांच्याकडे ठरे. मूळ किमतीला शेअर मिळणे म्हणजे दुसऱ्या दिवशी नफा घेऊन विकणे, असा सरळ हिशेब झाल्यामुळे भायखळ्याच्या त्यांच्या बंगल्यावर सकाळपासून रीघ लागे. तीत कारकून असत, व्यापारी असत, वकील असत, आणि गोरे अधिकारीही असत.

सगळ्यांत मोठे नाव बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे. समुद्र हटवून मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर जमीन करायची, ही कल्पना काही खोटी नव्हती. शहर खरोखरच कोंडले होते. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजारांवर गेली होती. जमिनीला भाव येणारच, हे शेंबड्या पोरालाही दिसत होते. परंतु ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांपर्यंत चढला तेव्हा समुद्रात अजून भराव पुरता पडलेलाही नव्हता. लोक जमीन विकत घेत नव्हते. उद्या कोणीतरी याहून जास्त देईल, ही आशा विकत घेत होते.

आणि ती रोख पैशाने घेत नव्हते, हा या कहाणीचा खरा गाभा. शेअर घ्यायला पैसा बँकेतून येई, आणि बँकेकडे तारण म्हणून ठेवले जात तेच शेअर. भाव चढला की तारणाची किंमत चढे, की त्याच तारणावर आणखी कर्ज मिळे, की त्यातून आणखी शेअर. ज्यांच्याकडे तारणही नव्हते, त्यांच्यासाठी वायद्याचे सौदे होते. ठराविक तारखेला ठराविक भावाने शेअर घेईन, एवढ्या शब्दावर लाखांची उलाढाल होई. बहुतेक सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

कर्जाचा हा नळ चालू ठेवायला एक भक्कम टाकी लागते. ती टाकी म्हणजे बँक ऑफ बॉम्बे. १८४० साली स्थापन झालेली ही बँक निमसरकारी, सरकारचे तीत भाग होते आणि सरकारचे डायरेक्टरही होते. जुन्या सनदेप्रमाणे शेअरच्या तारणावर कर्ज देण्यास तिला बंधने होती. १८६३ च्या नव्या कायद्यात ही बंधने सैल झाली. नेमक्या त्याच वेळी प्रेमचंदांचे वजन बँकेत वाढले. सेक्रेटरी जेम्स ब्लेअर त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. अमक्याला इतके द्यावे, अशी प्रेमचंदांची चिठ्ठी आली की कर्ज मंजूर होई. तारण पुरेसे आहे का, घेणारा फेडू शकेल का, हे प्रश्न मागे पडले. चिठ्ठी हेच तारण झाले.

प्रेमचंदांना आपण काही गैर करत आहोत असे वाटत होते काय? पुराव्यावरून तसे दिसत नाही. ते पळून जाण्याची तयारी करणारे भामटे नव्हते. बाजार चढत राहील, मुंबई वाढत राहील, यावर त्यांचा स्वतःचाच पक्का विश्वास होता आणि स्वतःची पै अन्‌ पै त्यांनी त्यावर लावली होती. आपल्या विश्वासावर दुसऱ्यांचे पैसे लावण्याचा अधिकार मात्र त्यांना कोणी दिला नव्हता. तो त्यांनी घेतला, आणि ज्यांनी तो रोखायचा ते भाव मोजत बसले.

आईचे घड्याळ

याच भरभराटीच्या वर्षात, १८६४ मध्ये, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. त्याच वर्षी आणखी २ लाख दिले, ते मनोऱ्यासाठी. आई राजाबाई यांचे नाव मनोऱ्याला द्यावे, ही त्यांची इच्छा. आई अंध होती, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवत असे, आणि घड्याळाच्या ठोक्यांवरून तिला वेळ कळावी म्हणून हा मनोरा, असे परंपरेने सांगतात. दोन वर्षांनी, १८६६ मध्ये, कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी २ लाख दिले. त्यातून चालू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे आशुतोष मुखर्जी, जदुनाथ सरकार अशा विद्वानांनी मिळवली. शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिणाऱ्या सरकारांच्या उमेदवारीच्या दिवसांत मुंबईच्या एका शेअर दलालाचा पैसा उपयोगी पडला, हा योगायोग मराठी वाचकाला गमतीचा वाटेल. अहमदाबादच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेलाही त्यांचे नाव आहे.

१ जुलै

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपले. कापसाचे भाव त्याआधीपासून डळमळू लागले होते, तहाची बातमी मुंबईत पोचली आणि ते कोसळले. जगात शांतता झाली म्हणून ज्या शहरात शोककळा पसरली, असे शहर त्या दिवशी बहुधा एकटे मुंबईच असेल.

पुढचा क्रम ओळखीचा आहे. कापूस उतरला म्हणून व्यापारी अडचणीत आले. व्यापाऱ्यांनी शेअर विकायला काढले. शेअर उतरले म्हणून तारण अपुरे पडले आणि बँकांनी पैसे परत मागितले. पैसे द्यायला पुन्हा शेअरच विकावे लागले. पण आता विकणारे सगळे आणि घेणारा कोणी नाही. चढताना जे चक्र वरच्या दिशेने फिरत होते, तेच चक्र आता खालच्या दिशेने फिरू लागले, आणि दुप्पट वेगाने. मे महिन्यात पहिली मोठी पारशी पेढी बुडाली. मग रोज एक नवे नाव येऊ लागले. १ जुलै उजाडला तेव्हा वायद्याचे सौदे पुरे करायला कोणाकडेच पैसा नव्हता. प्रत्येक जण देणेकरी होता आणि प्रत्येक जण घेणेकरीही. हे जाळे सोडवण्यासाठी सरकारला १८६५ मध्ये खास कायदा करावा लागला.

आकडेच बघायचे तर बॅक बेचा जो शेअर ५०,००० ला गेला होता तो २,००० च्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एके काळी २,८५० रुपयांना मिळत नसे, तो ८७ रुपयांना विकला गेला. शहर ओस पडू लागले. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ६ लाख ४४ हजार भरली. आठ वर्षांत सुमारे पावणेदोन लाख माणसे कमी झाली.

या पडझडीत कोण सापडले नाही? डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान आणि लोकोपकारी माणसालाही तिची झळ बसली. तरुण जमशेटजी टाटा त्या वेळी लंडनमध्ये होते. प्रेमचंद आणि इतरांच्या साह्याने तेथे एक बँक काढण्याचा बेत होता, आणि ज्या हुंड्यांच्या भरवशावर ते गेले होते त्यांना अचानक कागदाची किंमत आली. जमशेटजींनी सावकारांपुढे सगळा हिशेब उघडा ठेवला. त्यांच्या सचोटीवर विश्वास बसून सावकारांनी आपल्याच कर्जाच्या निवारणाचे काम त्यांच्याकडे सोपवले, तेही महिना २० पौंड पगारावर. वडील नसरवानजींनी मुंबईत देणी फेडण्यासाठी घर विकले. पुढे टाटांनी जे काही उभे केले, त्याच्या पायाशी १८६५ चा हा चटका आहे.

मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही बलाढ्य पेढी कोसळली आणि तिच्या धक्क्याने मुंबईत उरलेसुरलेही गेले. त्याच वर्षी प्रेमचंद दिवाळखोर ठरले. बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आयोगाने जी कारणे काढली ती वाचताना १८६८ साल आहे हे विसरायला होते. कायद्याने बँकेला धोक्याचे व्यवहार करू दिले. दुबळ्या आणि बेइमान सेक्रेटरींनी त्या सवलतीचा गैरवापर केला. आणि काळच असा चमत्कारिक होता की कोणाला सुचले नाही. शेवटचे कारण प्रत्येक आयोगाला शेवटी द्यावेच लागते.

त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक निघाली. १९२१ मध्ये ती इतर दोन प्रेसिडेन्सी बँकांबरोबर इम्पीरियल बँकेत मिसळली आणि १९५५ मध्ये इम्पीरियलची स्टेट बँक झाली. १९९२ मध्ये हर्षद मेहताचा घोटाळा उघडकीस आला तेव्हा त्यात स्टेट बँकेचेही नाव होते, आणि प्रश्नही तोच होता. बँकेचा पैसा शेअरबाजारात कसा गेला? सव्वाशे वर्षांत कागदाचे नाव तेवढे बदलले होते.

पडल्यानंतरचे आयुष्य

दिवाळखोर झालेले प्रेमचंद पस्तिशीत होते. त्यांनी शहर सोडले नाही. पुन्हा दलालीला लागले आणि पुढची चाळीस वर्षे व्यापारात राहिले. पूर्वीचे साम्राज्य परत आले नाही, पण नाव परत आले. १८७५ मध्ये मुंबईच्या दलालांनी आपली संघटना बांधली, तीच आजचा मुंबई शेअरबाजार. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद रायचंद होते. ज्या माणसाने नियम नसलेल्या बाजाराचा सर्वांत मोठा फायदा आणि सर्वांत मोठा तोटा पाहिला, तो नियम करणाऱ्यांच्या पंक्तीत बसला. यात विसंगती शोधणे सोपे आहे. मला त्यात शहाणपण दिसते. त्यांची पेढी त्यांच्या वंशजांनी पुढे चालवली. भायखळ्याच्या प्रेमोद्यान बंगल्यात पुढे अनाथ मुलींचा आश्रम आला.

मनोऱ्याचे काम या सर्व पडझडीनंतर सुरू झाले. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये तो पुरा झाला. आराखडा इंग्लंडच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. देणगीदार मधल्या काळात दिवाळखोर ठरला होता. पण दिलेले पैसे विद्यापीठाच्या हाती होते, म्हणून वाचले. प्रेमचंदांच्या कोट्यवधींच्या पसाऱ्यातून बाजाराच्या हाती न लागलेली मोठी रक्कम हीच. जे दान केले ते टिकले, जे गुंतवले ते गेले.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, तो टाळू नये. हा मनोरा कोणाच्या पैशाचा? प्रेमचंदांनी दान दिले तेव्हा ते खरोखर श्रीमंत होते. पण ती श्रीमंती फुगलेल्या भावांची होती, आणि ते भाव बँकेच्या कर्जाने फुगले होते. बँकेत भाग घेणाऱ्या विधवा, पेन्शनर, लहान व्यापारी यांचे पैसे गेले तेव्हा त्यांच्या नावाचा मनोरा कोणी बांधला नाही. राजाबाईंचे घड्याळ त्यांच्याही वेळेचे ठोके देते, असे समजून त्याकडे पाहावे. प्रेमचंदांना भामटा ठरवून मोकळे होणे जितके चुकीचे, तितकेच दानशूर म्हणून हार घालून मोकळे होणेही चुकीचे.

पनवेलच्या वाचकासाठी थोडा हिशेब

प्रेमचंदांच्या आयुष्यातून उसन्या पैशाचा जो नियम निघतो, तो आजच्या आकड्यांत मांडून पाहू. समजा, तुमच्याकडे ५ लाख रुपये आहेत. तुम्ही १५ लाख १२ टक्क्यांनी उसने घेतले आणि २० लाखांचे शेअर घेतले. भाव २५ टक्के चढले तर ५ लाखांचा फायदा, म्हणजे वरवर पाहता पैसे दुप्पट. पण वर्षाचे व्याज १ लाख ८० हजार झाले. म्हणजे शेअर ९ टक्के चढले तरी तुम्ही जेथल्या तेथे. आणि भाव २५ टक्के उतरले तर? तुमचे ५ लाख संपले, १५ लाखांचे कर्ज उभे, शिवाय व्याज. स्वतःच्या पैशाने शेअर घेणारा अशा वेळी कपाटाला कुलूप लावून दोन वर्षे थांबू शकतो. उसन्या पैशाने घेणाऱ्याला थांबता येत नाही. भाव परत चढायच्या आतच सावकार त्याचे शेअर विकून टाकतो. उसन्या पैशाने फायदा वाढतो हे सगळे सांगतात. थांबण्याचा हक्क जातो, हे कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट. प्रेमचंदांकडे डझनावारी कंपन्यांचे शेअर होते. आजच्या भाषेत सांगायचे तर अंडी एका टोपलीत नव्हती. पण सगळ्या टोपल्या एकाच गाडीवर होत्या आणि ती गाडी होती कापसाची. जमीन कंपनीचा भाव कापसावर, बँकेची कर्जे जमीन कंपनीवर, विमा कंपनीचा पैसा बँकेत. नावे तीस, धोका एक. आपल्याकडे शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहे, विमानतळाकडे बघून घेतलेला एक प्लॉट आहे, आणि या सगळ्याचा हप्ता एकाच पगारातून जातो, असे ज्याचे गणित असेल त्याने टोपल्या मोजू नयेत, गाड्या मोजाव्यात. बॅक बेचा भराव जसा खोटा नव्हता, तसे अटल सेतू आणि नवी मुंबईचा विमानतळही खोटे नाहीत. कल्पना खरी असूनही तिचा भाव खोटा असू शकतो, हे मात्र १८६४ ने दाखवून दिले आहे.

आज सेबी आहे, मार्जिनचे नियम आहेत, सौद्याचा हिशेब रोजच्या रोज होतो, १ जुलैची वाट बघावी लागत नाही. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. हे सगळे चांगलेच झाले. तरीही सेबीनेच २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की त्याआधीच्या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांचा तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांवर गेला. वायद्याचे सौदे करणाऱ्या १८६५ च्या मुंबईकराला हे वाचून नवल वाटले नसते.

आणि बँक? तीही आपल्याला परकी नाही. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि २०२१ मध्ये पनवेलच्याच कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. त्या बँका शेअरच्या सट्ट्याने बुडाल्या नाहीत, कारणे वेगळी होती. परंतु बंद दारापाशी पासबुक घेऊन उभे असलेले चेहरे १८६७ च्या मुंबईतही तसेच असतील. चिठ्ठीवर कर्ज देणाऱ्या बँकेत सर्वांत आधी ठेवीदाराचा विश्वास तारण पडतो आणि तो सोडवायला कोणी येत नाही.

कर्ज काढून शेअर घेऊच नयेत काय? प्रेमचंदांचे चरित्र असा उपदेश करत नाही. कर्जावाचून व्यापार नाही आणि व्यापारावाचून मुंबई नाही. ते चरित्र एवढेच सांगते, की उसने घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. उद्या भाव निम्मा झाला तर मी कोणाच्या दारात उभा राहीन, आणि माझ्या दारात कोण उभे राहील? याचे उत्तर शांतपणे देता येत असेल तर पुढे जावे. देता येत नसेल तर त्या व्यवहारात धोका आपण पत्करत नसतो. तो आपण घरातल्यांच्या माथी मारत असतो.

२०१५ मध्ये राजाबाई टॉवरची डागडुजी पुरी झाली आणि २०१८ मध्ये परिसरातल्या इतर वास्तूंबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. घड्याळ चालू आहे. परतीची लोकल पकडायच्या आधी एखाद्या संध्याकाळी ओव्हलच्या कडेला पाच मिनिटे थांबून ते ठोके ऐकावेत. दिवेलागणीच्या आत आईने जेवून घ्यावे, म्हणून एका मुलाने ही सोय केली, असे सांगतात. उजेड आहे तोवर हात आवरता घ्यावा, हे शहाणपण त्या मुलाच्या घरातच होते. बाजारात पाऊल टाकताना ते तेवढे घरी राहून गेले.